दुपारी तीनची नाइट

"दुपारी तीनला नाइट कुठली रे, तौफिक?" आप्पासाहेब जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे राहून विचारत होते. "बरं, नाइट तर नाइट. माणसं कुठं हायत?"

माणसं होती, नाही असं नाही. दोन वेटर होते. तौफिकचे दोन मावसभाऊ होते, ते भिडेखातर आलेले. माझ्या कॉलेजमधल्या तिघी येऊन, "खायला काय हाय?" असं विचारून गेल्या होत्या. आणि कोपऱ्यात एक अनोळखी गृहस्थ फोनवर कुणाला तरी मॅचचा स्कोअर विचारत बसले होते. ते का आले होते, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

"येतील, आप्पासाहेब," मी म्हणाले. "ऑर्कुटवर तीनशे जणांनी येतो म्हणून सांगितलंय."

"तीनशे?" त्यांनी हॉलवरून नजर फिरवली. "मग दडून बसल्यात व्हय?"

हॉटेल मयूरपंख शाहूपुरीत होतं आणि त्याच्या तळघरातला हा हॉल मालक आप्पासाहेबांनी आम्हाला चार रविवार वापरायला दिला होता. वरच्या झडपांना काळं कापड लावलं की आत अंधार व्हायचा. "पडदे लावले की रात्रच की," हे तौफिकचं म्हणणं, म्हणून दुपारी तीन ते सातच्या कार्यक्रमाचं नाव 'संडे नाइट'. वेळ दुपारची ठेवली कारण आमच्या कोल्हापुरात दिवेलागणीनंतर मुलगी घराबाहेर राहिली तर शेजारीपाजारी तिच्या लग्नाची चौकशी करायला लागतात. ही ऑर्कुटच्या काळातली, फेसबुक गावात पोचायच्या आधीची गोष्ट आहे. क्लब हा शब्द तेव्हा गावात रमीच्या क्लबपुरताच होता.

आप्पासाहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "हे बघ पोरी. पुढच्या रविवारी मी मॅच बघून इकडं येणार. हॉल भरलेला दिसला तर रविवार तुमचे, कायमचे. न्हाई दिसला तर बारशी-साखरपुड्याला देऊन टाकतो. लोक मागं लागल्यात."

"पुढच्या रविवारी फायनल हाय, आप्पासाहेब," तौफिक म्हणाला. "त्याच्या पुढचा द्या की."

"त्याच्या पुढच्याला साखरपुडा हाय." आणि ते जिना चढून गेले.

तौफिकनं गाणं बंद केलं नाही, नुसता आवाज कमी केला. तो बागवान. त्याच्या आब्बांचा फळांचा व्यापार होता आणि मार्केट यार्डातल्या गोडाऊनच्या मागच्या खोलीत बसून हा हलगीच्या ठेक्यावर काय काय चढवून संगीत बनवायचा. गावात डीजे म्हणजे डॉल्बी, म्हणजे ट्रॉलीवर भिंतीएवढे स्पीकर रचून मिरवणुकीत छातीत धडकी भरवायची. तौफिकला ते नको होतं. त्याचं संगीत हळूहळू चढणारं होतं आणि ते ऐकवायला अख्ख्या जिल्ह्यात हे एक तळघर होतं. तो वाजवणार, मी माणसं आणणार, अशी आमची वाटणी होती. त्यानं त्याचं काम केलं होतं. माझं काम माझ्यासमोर रिकामं पडलं होतं.

सोमवारी आम्ही कॉलेजच्या कँटीनमध्ये डोकी खाजवत बसलो.

"तीनशेतली किती मुलं आणि किती मुली?" तौफिकनं विचारलं.

यादी मी आदल्या रात्री कोळून प्यायले होते. "सगळी मुलंच की रे. मुली नाहीतच. आठ-दहा गुलाब, मोगरे हायत, चेहरा नसलेले."

"ती फुलं मोजू नको. खोटी खाती असत्यात. पोरंच करत्यात ती." चहाचा घोट घेऊन तो म्हणाला, "मुलांनी मुलींची नावं शोधली असणार. सापडली न्हाईत. मग गेली मॅचला."

"आणि मुली?"

"मुलींनी मुलांची नावं बघितली असणार."

म्हणजे मुली नाहीत म्हणून मुलं नाहीत आणि मुलं आहेत म्हणून मुली नाहीत. मला गरगरायला लागलं. ज्यांना यायचं नव्हतं ते सगळे येतो म्हणाले होते. ज्यांना यायचं असेल ते काय म्हणत असतील, हे कळायला काही मार्गच नव्हता.

त्यात तो सफेद चाफा.

ऑर्कुटवर 'संडे नाइट कोल्हापूर' नावाचं खातं होतं, ते मी चालवायचे. माझं नाव त्यात कुठंच नव्हतं. फोटो स्पीकरचा होता. त्या खात्यावर गेला महिनाभर 'सफेद चाफा' नावाचं कुणीतरी स्क्रॅप, म्हणजे निरोप, टाकत होतं. प्रश्न असे, की ते वाचून तौफिक आधी हसायचा आणि मग परत वाचायचा. हॉलला मागून दार आहे का? फोटो काढता का? बसायला खुर्च्या आहेत का, का उभंच राहायचं? चपला कुठं काढायच्या?

"नाचायला येणारा माणूस चपला कुठं काढायच्या विचारंल का?" तौफिक म्हणायचा. "हा कुणाचा तरी भाऊ हाय, मिने. मागच्या दाराची माहिती काढालाय. एक दिवस चारजण घेऊन येतोय बघ."

त्या सोमवारी चाफ्याचा नवा प्रश्न आला होता. नाव दिलं तर सगळ्या गावाला दिसतं का?

"बघ," तौफिक म्हणाला. "नावं पाहिजेत त्याला."

"पाहिजेत, की नको आहेत?"

"म्हणजे?"

म्हणजे काय ते मलाही नीट सांगता येईना. पण त्या प्रश्नानं मला फेसबुक आठवलं. पुण्याला शिकायला गेलेल्या दोन मैत्रिणी माझ्या मागं लागल्या होत्या, तिकडं ये म्हणून. तिथं खऱ्या नावानं यावं लागतं, असं त्यांनी सांगितलं होतं. आपल्याकडच्या कुणाचे भाऊ अजून तिथं पोचले नव्हते.

"आपण तिकडं जाऊ," मी म्हणाले.

"तिथं कोण हाय?"

"कुणीच नाही."

"मग जायचं कशाला?"

"म्हणूनच जायचं."

तौफिकनं माझ्याकडं असं बघितलं, की मला वाटलं हा आता उठून पेरूच्या पेट्या मोजायला जाणार. पण त्याच्याकडं दुसरं काही सुचवायला नव्हतं. मग आम्ही तास दोन तास भांडलो. ऑर्कुटवर अख्खं गाव आहे आणि त्यातलं कुणी येत नाही. फेसबुकवर गाव नाही, पण आलेला माणूस खरा असेल. गर्दी खोटी की खरं रिकामपण, यातलं काय निवडायचं? शेवटी नाणं उडवायचं ठरलं, तर तौफिक म्हणाला, "राहू दे. तू म्हणतीस तसं कर. बुडालो तर तुझ्या नावावर."

आमचा कॉम्प्युटर घरी बैठकीच्या खोलीत असायचा. त्यावर वहिनीनं विणलेलं क्रोशाचं झाकण. दुपारी आई झोपायची, वहिनी स्वयंपाकघरात असायची आणि दादा दुकानात. दादाच्या बुलेटचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की मी मॉनिटर बंद करायचे. तोवर वेळ माझा. घरी मी रविवारचं कॉलेजचं प्रोजेक्ट सांगितलं होतं.

फेसबुकवर मी पुन्हा 'संडे नाइट कोल्हापूर' याच नावानं खातं उघडलं. खऱ्या नावाचा नियम मला माहीत होता, पण तो इतरांसाठी असावा असं मी धरून चालले होते. कार्यक्रम टाकताना खाली एक बारीक चौकट दिसली. येणाऱ्यांची यादी सगळ्यांना दाखवायची का? तिथली खूण मी काढून टाकली. मग ऑर्कुटवर सूचना लिहिली, की आम्ही आता फेसबुकवर आलो आहोत, तिथं कुणाचंही नाव कुणाला दिसणार नाही, फोटो काढले जाणार नाहीत, आणि हो, मागून दार आहे.

संध्याकाळी बाहेरून येऊन परत उघडलं, तर चाफ्याचं उत्तर आलं होतं. "बरं केलं. दिवस बदलू नका. फायनलच्या दिवशीच ठेवा."

हे मी तौफिकला फोनवर वाचून दाखवलं. फायनल म्हणजे काय हे कोल्हापूरबाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. दोन तालमींचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर उतरले की पेठाच्या पेठा ओस पडतात. त्या दिवशी लग्नाचा मुहूर्त काढणाऱ्या भटजीला लोक वेड्यात काढतील.

"हॉल रिकामा ठेवायचाय त्याला," तौफिक म्हणाला. "दुश्मन हाय, मिने. साधासुधा न्हाई."

गुरुवारी मी ऑर्कुट उघडायला बसले. लॉगिनच्या पानावर पत्त्याच्या चौकटीत पहिलं अक्षर टाइप केलं की आधी तिथं टाइप केलेले पत्ते खाली उलगडायचे. एस दाबल्यावर एरवी एकच पत्ता यायचा, संडे नाइटचा. त्या दिवशी दोन आले. दुसरा सफेद चाफ्याचा होता.

मी हात कीबोर्डवरून उचलला. चाफा माझ्या खुर्चीत बसून गेला होता. आमच्या घरात.

घरात कॉम्प्युटर वापरणारे दोघंच, मी आणि दादा. दादा तालमीच्या संघाचे फोटो बघायला बसायचा. म्हणजे दादाच. माझा दादा वाईट नव्हता. आमचे वडील गेल्यावर त्यानं मला हवं ते शिकू दिलं होतं. पण घरची मुलगी तळघरात मुलांबरोबर नाचते, एवढंच नाही तर इतर घरच्या मुलींनाही बोलावते, हे कळलं तर त्याला तालमीत मान वर करता आली नसती, आणि मग माझं काय झालं असतं हे मला विचारसुद्धा करवेना.

रात्री जेवताना तो म्हणाला, "रविवारी फायनल हाय, आई. दुपारचं लवकर आटपा." मग माझ्याकडं बघून, "मिने, तुझं ते प्रोजेक्ट बरं रविवारीच असतंय?"

मी आमटीत भाकरी कुस्करायला लागले.

"असू दे की," वहिनी भाकरी वाढत म्हणाली. "वन्संचं शिकायचं वय हाय." ती गडहिंग्लजची, नलवड्यांची सुवर्णा. लग्नाला चार वर्षं झालेली. चारचौघांत मला वन्सं म्हणायची, एकटीला सापडले की मिनू. तिनं माझी बाजू घेतली, म्हणून मला बरं वाटलं.

अंथरुणात पडल्यावर मात्र हिशेब जुळेना. दादाला मला पकडायचं असेल तर त्यानं मॅच नसलेला रविवार मागायला हवा होता. फायनल सोडून तो कुणाला पकडायला येणार? यमराज आला तरी दादा त्याला मध्यंतरापर्यंत थांब म्हणाला असता. मग दिवस बदलू नका, असं का? बरं, दादा नाही तर कोण? आईला माऊस धरता येत नव्हता. मी असा विचार करत करत, जे नाकासमोर होतं ते सोडून सगळीकडं हिंडून आले.

शुक्रवारी कॉलेजच्या कॉम्प्युटरवरून मी चाफ्याला धीर करून लिहिलं. "आपण कोण?"

दुपारी उत्तर आलं. "तुम्ही कोण?"

मग लिहिलं, "आम्ही संडे नाइट."

"ते नाव झालं," चाफ्यानं लिहिलं. "तुम्ही कोण ते सांगा, मग मी सांगतो."

सांगतो. म्हणजे पुरुष, असं तौफिकनं लगेच ठरवलं. पण आमच्या कोल्हापूरच्या मुलीसुद्धा येतो, जातो, सांगतो असंच बोलतात. पुढं पुण्यात गेल्यावर लोक त्यावरून मला खूप हसले, म्हणून मी लिहिताना जपते. तेव्हा मी तौफिकला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "मग बाई हाय?" मी म्हणाले, "माहीत नाही." त्या आठवड्यात माझ्या तोंडी दुसरं वाक्यच नव्हतं.

चाफ्याला मी उत्तर दिलं नाही.

शनिवारी फेसबुकवर नऊजण येणार होते. त्यातले सहा पुण्यात राहत होते. तौफिकनं ते ऐकलं, आणि गणपतीत ट्रॉलीवर वाजवायला बोलावणाऱ्या मंडळाचा फोन नंबर मला दाखवला. "जपून ठेवलाय," तो म्हणाला. मला रडू आलं, ते मी चहात लपवलं.

रविवारी दादा दोनलाच गळ्यात तालमीच्या रंगाचा पट्टा घालून बाहेर पडला. मी पाठोपाठ निघाले तर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दुकानांची शटरं खाली. एरवी कोपऱ्याकोपऱ्यावर दुचाकीला टेकून उभी असणारी मुलं, येणारीजाणारीकडं बघून गाणं म्हणणारी मुलं, एकही नाही. लांबून स्टेडियमवरचा गलका तेवढा येत होता. एवढी मोकळी शाहूपुरी मी आयुष्यात पाहिली नव्हती. त्याचा अर्थ मात्र तेव्हाही माझ्या टाळक्यात शिरला नाही. मला वाटलं, बुडालो.

तीन वाजले. तौफिकनं सुरुवात केली. वेटर भिंतीला टेकून उभे होते.

साडेतीनच्या सुमाराला हॉटेलच्या मागच्या दारातून, जिना उतरून दोघी आल्या. चेहऱ्याला स्कार्फ गच्च बांधलेले, डोळे तेवढे दिसत होते. त्यांनी हॉल बघितला, एकमेकींकडं बघितलं आणि परत गेल्या. मी मटकन खाली बसले.

पाच मिनिटांत त्या परत आल्या, त्या बारा-पंधराजणींना घेऊन. त्या दोघी नुसत्या बघून यायला आल्या होत्या. मग रांगच लागली. कॉलेजच्या मुली, त्यांच्या मोठ्या बहिणी, नव्या सुना, एक तर कडेवर मूल घेऊन आलेली. जिन्यावर येऊन प्रत्येक जण थांबायची आणि चपला काढायची. मी सांगत होते, असू द्या, चालतं. कुणी ऐकेना. अनवाणी आत आल्यावर स्कार्फ सुटायचे आणि मला ओळखीचे चेहरे दिसायचे. भाजीवाल्या मामींची सून. बँकेतली ती चष्म्याची मुलगी. आमच्या गल्लीतल्या चौघी.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी एकीला विचारलं.

"चाफ्यानं," ती म्हणाली. "मी अबोली."

"मी मोगरा," तिच्या मागची म्हणाली आणि हसत सुटली.

आणि त्यांच्या मागून निळ्या साडीत, पदर खोचून, चपला हातात धरून आमची वहिनी जिना उतरत होती.

पहिला विचार आला तो असा, की दादानं हिला पाठवलंय.

"फोटो काढत न्हाई ना गं, मिनू?" तिनं विचारलं.

तेच शब्द. महिनाभर मी ते स्क्रॅपमध्ये वाचत होते.

"वहिनी, तुम्हाला कॉम्प्युटर येतो?"

"एमएस-सीआयटी केलंय मी. लग्नात तुझ्या आईनं सगळ्यांना सांगितलेलं, तू विसरलीस." तिनं चपला भिंतीशी नीट लावून ठेवल्या. "संडे नाइटचं खातं उघडं टाकून गेलतीस एकदा. तवापासनं माहीत हाय. माझा पत्ता दर खेपेला पुसायचो, गुरुवारी तेवढा राहिला."

"मग मला घरात का नाही विचारलंत?"

"विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस? प्रोजेक्ट हाय म्हणाली असतीस."

हे खरंच होतं. एकाच घरात, एकाच खुर्चीत आलटूनपालटून बसून, महिनाभर आम्ही दोघी एकमेकींना ऑर्कुटवर लिहीत होतो, वर 'तुम्ही कोण' म्हणून विचारत होतो. भाकरी वाढताना आणि ताट पुढं करताना एक अक्षर नाही.

"आणि त्या फायनलचं?" मी विचारलं.

लहान मुलाकडं बघावं तसं तिनं माझ्याकडं बघितलं. "सगळ्यांचे भाऊ, नवरे, सासरे आज कुठं हायत?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या मॅचला आम्ही दुश्मन समजत होतो, तिच्यामुळंच अख्ख्या गावातल्या बायका त्या दुपारी मोकळ्या होत्या. रस्ते मोकळे होते. परत घरी जायची वेळसुद्धा शिट्टी वाजेपर्यंत ठरलेली होती.

"पण फेसबुकवर तर तुम्ही कुणीच आला नाहीत."

"कोण जातंय तिकडं, नवीन शिकायला? तुम्ही नावं लपवायची सोय शोधली, एवढं आम्हाला कळलं. म्हणजे कुणीतरी आमचा विचार करणारं हाय, म्हणून आलो." आणि ती मला बाजूला सारून आत गेली.

तौफिक माझ्याकडं हताश होऊन बघत होता. त्याचं ते हळूहळू चढणारं संगीत चालू होतं आणि बायका भिंतीला लागून उभ्या होत्या. खुर्च्या कमी पडल्या होत्या. मग वहिनीनं मोगऱ्याचे दोन्ही हात धरले, पाय जुळवले, मागं रेलली आणि फुगडी धरली. तिच्याबरोबर अजून दोन जोड्या उठल्या.

"मिने, हे काय चाललंय?" तौफिक ओरडला.

"फुगडी!"

"ते दिसालंय! मी काय करू?"

"मला काय माहीत!"

तो क्षणभर त्यांच्या पायांकडं बघत राहिला. मग त्यानं वरचं सगळं काढून टाकलं, नुसती हलगी ठेवली आणि तिचा वेग फुगडीला आणून जुळवला. हॉलमधून एक लाट गेल्यासारखं झालं. त्यानंतर भिंतीला कुणी टेकलं नाही. त्या दुपारी त्यानं जे वाजवलं, ते त्याआधी कुणी वाजवलं नव्हतं, कारण ते नाचणाऱ्यांनी त्याच्याकडून काढून घेतलं होतं. मी नाचले का? हो. घामानं कपडे चिकटेपर्यंत. वहिनीला दमायचं माहीत नव्हतं. तिचे केस सुटले होते आणि ती हसत होती. चार वर्षांत मी तिला दात दाखवून हसताना पाहिलं नव्हतं.

मॅच संपल्याचे फटाके वाजले, तशा सगळ्या सावध झाल्या. तेवढ्यात आप्पासाहेब जिन्यावर आले. आले, पण उतरू शकले नाहीत. वरपासून खालपर्यंत प्रत्येक पायरीवर चपला होत्या, पाय ठेवायला जागा नव्हती.

"हळदीकुंकू हाय काय आत?" त्यांनी वरूनच विचारलं.

"न्हाई, आप्पासाहेब," तौफिक म्हणाला. "नाइट हाय."

ते चपलांकडं बघत राहिले. एक पाय पुढं टाकून बघितला, परत घेतला. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "भरलेला दिसतोय." आणि तिथूनच मागं वळले. रविवार आमचे झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी आले तर वहिनी उघड उघड कॉम्प्युटरसमोर बसली होती. क्रोशाचं झाकण घडी करून बाजूला ठेवलेलं. तौफिकचे आनंदाचे सात मेसेज माझ्या फोनवर पडून होते.

"साखरपुड्याच्या पुढचा रविवार टाकलास काय गं?" तिनं विचारलं.

"टाकते. तशीच चौकट ठेवते, नावं लपवून."

"मॅच कुठली हाय त्या दिवशी?"

मी आठवायला लागले. काल फायनल झाली होती. फायनल म्हणजे मोसम संपला. आता सहा-सात महिने दर रविवारी सगळे भाऊ, नवरे आणि सासरे दुपारी घरात लोळत पडणार होते. आप्पासाहेबांनी आम्हाला जे रविवार कायमचे दिले, त्यात मॅचच नव्हती.

"आता काय करायचं?" मी विचारलं. "कुणीच यायचं नाही, वहिनी."

"लपून न्हाई येणार," ती म्हणाली. "ती चौकटीतली खूण परत कर. नावं दिसू देत."

"कुणाची नावं? कोण देणार नाव?"

तिनं पडद्याकडं बोट केलं. तिनं फेसबुकवर खातं उघडून ठेवलं होतं. फुलाचा फोटो नव्हता. एमएस-सीआयटीच्या ओळखपत्रावरचा, दोन वेण्या घातलेला तिचा स्वतःचा फोटो होता. नाव लिहिलं होतं, सुवर्णा रणजित सरनोबत. मी संडे नाइटच्या खात्यातून कार्यक्रम टाकला, चौकटीत खूण केली. तिनं माझ्याकडून माऊस घेतला आणि स्वतःच्या खात्यात शिरून 'येणार' वर दाबलं.

"दादा?" मी विचारलं.

"रात्री सांगितलं त्याला. कुठं गेलतो, काय केलं, सगळं."

"काय म्हणाला?"

"काय न्हाई म्हणाला. पाठ करून झोपला." तिनं झाकणाची घडी परत नीट केली. "सकाळी चहा घेतला माझ्या हातचा. बघू."

"माझं सांगितलंत?"

"तुझं मी कशाला सांगू?"

मी परत संडे नाइटच्या खात्यात शिरून यादी बघितली. एकच नाव होतं. त्याच्या शेजारी दोन वेण्यांचा तो चेहरा, अख्ख्या गावाला दिसेल असा. मी त्या पानावर माझं नाव शोधलं. ते कुठंच नव्हतं. वर स्पीकरचा फोटो होता आणि 'संडे नाइट आपल्याला आमंत्रण देत आहे' असं लिहिलं होतं.

वहिनी उठली. खुर्ची माझ्याकडं सरकवून ती उभी राहिली, आत मात्र गेली नाही.

गल्लीच्या तोंडाशी बुलेटचा आवाज आला. माझा हात सवयीनं मॉनिटरच्या बटणाकडं गेला. वहिनी बघत होती. बुलेट दारात येऊन थांबली.

मी मॉनिटर बंद केला नाही. संडे नाइटमधून बाहेर पडले आणि नवीन खात्याच्या पानावर, नावाच्या चौकटीत माझं स्वतःचं नाव टाइप करायला लागले.